पंपाचा पट्टा

पहिला बाण पोत्याच्या डोक्यावरून गेला आणि मागच्या तुरीत शिरला. दुसराही गेला. तिसरा लागला, पण पोतं ज्या बल्लीला बांधलं होतं त्या बल्लीला.

उंद्रीच्या शाळेमागच्या त्या पडीत तुकड्यावर आसमानं चार महिन्यांत असे बाण कधी मारले नव्हते. गवत ठासून भरलेलं पोतं, त्यावर खळीनं चिकटवलेला रंगीत कागद आणि कागदाच्या मधोमध पिवळा गोल. तीस मीटरवरून ही तेरा वर्षांची पोरगी त्या पिवळ्यात चुलीत काडी सारावी इतक्या सहज बाण घालायची.

‘काय झालं वं?’ इंद्रभाननं विचारलं.

‘पिवळा हालून राह्यला सर.’

‘पिवळा कायले हालते? तो तं चिकटवेल हाये. तूच हालून राह्यली.’

बाजूला उभी असलेली लहानगी छाया फिसकन हसली. आसमा हसली नाही. तिनं उजवा हात पुढं धरला. बोटं बारीक बारीक थरथरत होती, आणि ती त्यांच्याकडं दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी पाहत होती.

इंद्रभाननं मनात दिवस मोजले. बुलढाण्याला निवड चाचणी होती, तिला बरोबर दहा दिवस उरले होते. धनुर्विद्येचं सरकारी निवासी वसतिगृह; जिल्ह्यातून मुलींची जागा एक. तिथं दोन वेळचं चांगलं जेवण, खरं धनुष्य, शिकवणारा खरा माणूस. वयाची अट चौदाच्या आतली. आसमाला हे एकच वर्ष होतं. पुढच्या वर्षी ती चौदा ओलांडणार होती, आणि मग अंगात कितीही नेम असो, दार बंद.

इंद्रभान स्वतःला खरा माणूस समजत नसे. शाळा विनाअनुदानित, त्यामुळं आठ वर्षं शिकवूनही पगार नव्हता. अनुदान येईल या आशेवर तो कवायत, इतिहास आणि वेळ पडली तर गणितही शिकवायचा. घर चालायचं भावाच्या कपाशीवर. सरकारच्या दहा दिवसांच्या शिबिरात तो एकदा धनुष्य धरायला शिकला आणि त्या नादात पडला तो पडलाच. त्याआधी त्याला एकच नाद होता, कीर्तनाचा. मारुतीच्या देवळात बुवा उभे राहिले की मागं टाळकऱ्यांच्या रांगेत इंद्रभान असायचाच. बुवांनी विठ्ठल म्हणायच्या आधीच त्याच्या पायाला ठेका कळायचा. मुलांना तो सांगायचा, ‘दोरी ओढाची अन् नाव घ्याचं. नाव संपलं का सोडाची.’ आसमानं विचारलं होतं, ‘कोनाचं नाव घेऊ सर?’ तो म्हणाला होता, ‘तुह्या घरी ज्याचं घेते त्याचं घे. बाणाले काय समजते?’

साहित्य मात्र नावानं येत नाही. त्यानं क्रीडा खात्याकडं तीनदा मागणी पाठवली: धनुष्यं, हातावरचे गार्ड, बोटपट्ट्या. तिसऱ्या वेळी शाळेत दोन कॅरम बोर्ड आले. धनुष्यं त्यानं मग बांबूची करून घेतली. अडलं ते बोटपट्टीपाशी. दोरी उघड्या बोटांनी ओढली की तासाभरात कातडी निघते, म्हणून मधल्या बोटांवर कातड्याची मऊ पट्टी लागते. पुण्याहून ती मागवायची तर एकीच्या किमतीत आठ दिवसांचं तेल-मीठ येत होतं.

म्हणून जूनमध्ये तो गफ्फारभाईच्या दुकानात गेला. गफ्फार म्हणजे आसमाचा बाप. बाजाराच्या तोंडाशी त्याचं टिनाचं दुकान, आणि काम फवारणीचे पंप दुरुस्त करण्याचं.

‘बीटी कपाशी आली तवा वाटलं, माहं दुकान बसते आता,’ गफ्फार सांगायचा. ‘सारे म्हनत, फवारनीच लागत नाही म्हने. अन् आता पाहा. बोंडअळी गेली तं हे तुडतुडे, ते पांढरे, ते पिठासारखे. पंप ठेवाले जागा नाही दुकानात.’

‘मले पट्टा पाह्यजे गफ्फारभाई. मऊ. पोरायच्या बोटाले.’

गफ्फारनं पंपांचे जुने पट्टे काढले. माणसाच्या खांद्यावर पाच-सात हंगाम घासलेलं ते कातडं लोण्यासारखं मऊ झालं होतं. त्यातला सगळ्यांत मऊ त्यानं निवडला, आपल्या पोरीसाठी निवडावा तसा. साबणानं दोनदा धुतला. इंद्रभाननं त्यातून पाच पट्ट्या कापल्या. आसमा तिची पट्टी जिवापाड जपायची. दोरी चढवताना दोन्ही हात अडकले की पट्टी दातात धरायची, आणि घरी गेली की उशीखाली ठेवायची.

आता हात कशानं कापतो? इंद्रभाननं दोन दिवस विचार केला. त्या वर्षी श्रावण आणि रमजान एका दिवसाच्या फरकानं लागले होते. त्याचे सोमवार चालू, आसमाचे रोजे चालू. दिवसभर पाण्याचा घोट नाही आणि चार वाजता बाण. दुसरं कारण त्याला दिसेना, आणि हे कारण बोलायला जीभ रेटेना.

शेवटी तो गफ्फारच्या घरी गेला. आसमाची आई बिस्मिल्ला ओट्यावर डाळ निवडत होती.

‘भाभी, एक सांगू? राग मानू नका.’

‘राग येईन असंच असंन, तवाच तं इचारून राह्यले.’

त्यानं सांगितलं. गफ्फार मान खाली घालून ऐकत राहिला. बिस्मिल्लाचा हात डाळीत थांबला.

‘रोज्यानं हात नाही कापत सर,’ ती म्हणाली. ‘मी सात वर्षांची होती तवापासून धरते. कपाशी निंदली रोज्यात, पानी वाह्यलं. माहा हात पाहा.’

‘तुमचं खरं हाये. पन तिले नेम धराचा हाये. आठच दिवस. नंतर धरीन ते.’

आतून आसमाच म्हणाली, ‘अब्बा, मी ईदनंतर धरते. सर सांगून राह्यले तं.’

इंद्रभान घरी आला तेव्हा त्याचं त्यालाच बरं वाटत नव्हतं. स्वतःच्या उपासाला कुणी हात लावला असता तर तो भांडला असता. पण जागा एकच होती. त्यानं मनाची समजूत घातली आणि आता पोरीच्या पोटात अन्न आहे म्हणून सराव दुप्पट केला, सकाळी साठ बाण आणि संध्याकाळी साठ.

हात थांबला नाही. उलट ती डोळे चोळू लागली. तोंडात पाणी सुटतं म्हणून थुंकू लागली. ‘धाकधूक हाये, बाकी काही नाही,’ इंद्रभान म्हणायचा. कुणाला म्हणायचा कोण जाणे.

गोकुळअष्टमीचा सप्ताह होता. शेवटच्या दिवशी सकाळी दहा वाजता काल्याचं कीर्तन लागलं. बुवा रंगात आले होते. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची भाकर शिळी, कुणाचं नुसतं ताक, आणि देवानं सगळं एकत्र कालवलं. ‘कोणाच्या घरचं हाये, देवानं इचारलं का?’ बुवांनी विचारलं. मंडप म्हणाला, ‘नाही.’ इंद्रभानच्या तोंडून ‘नाही’ निघालं नाही. त्याचा टाळ एका मात्रेनं चुकला. शेजारच्या अर्जुनरावानं कोपर मारलं, ‘कुठं हायेस बे?’

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं छाया शिरली. धापा टाकत ती सरळ टाळकऱ्यांच्या रांगेत आली.

‘सर, आसमा पडली. तोंडातून फेस येऊन राह्यला.’

तो टाळ गळ्यात असतानाच पळाला.

मुली त्याच्याशिवायच सरावाला गेल्या होत्या. आसमा पोत्यासमोर कुशीवर पडली होती. अंग घामानं निथळत होतं, दंडाचं मांस आतल्या आत फडफडत होतं. अर्जुनरावाची जीप मिळाली. चिखलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बिस्मिल्ला काहीतरी पुटपुटत राहिली आणि गफ्फार पोरीचे पाय धरून बसला.

डॉक्टर तरुण होता. त्यानं डोळ्यांत बॅटरी मारली आणि लगेच सिस्टरला इंजेक्शन भरायला सांगितलं.

‘बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. फवारणी कोण करतं घरात?’

‘कोनीच नाही,’ गफ्फार म्हणाला. ‘मी पंप दुरुस्त करतो. पन दुकानात. पोरीले तिकडं येऊ देत नाही मी, कधीच नाही.’

‘आजचं एका दिवसाचं दिसत नाही हे. रोज थोडं थोडं जातंय. हाताला, तोंडाला काहीतरी लागतंय.’

इंद्रभाननं खाटेकडं पाहिलं. आसमाच्या मधल्या बोटांवर ती पट्टी अजून तशीच होती. दोरी ताणली की तो हात हनुवटीला टेकतो आणि पट्टीची कड ओठाला लागते. दिवसाला एकशे वीस वेळा. शिवाय दातात. शिवाय उशीखाली. त्यानं पट्टी काढली आणि नाकाशी नेली. साबणाचा वास कधीच गेला होता. खाली होता तो फवारणीच्या औषधाचा, कपाशीच्या बांधावर येतो तो, पावसात भिजून उलटा वर आलेला.

गफ्फारला हे कळलं नव्हतं. इंद्रभान बोलला नसता तर कदाचित कळलंही नसतं. बाहेर व्हरांड्यात दोघं भिंतीला टेकून बसले होते.

‘गफ्फारभाई, हा पट्टा.’

गफ्फारनं त्याच्याकडं पाहिलं, मग पट्टीकडं.

‘पट्टा मी देल्ला,’ तो म्हणाला.

‘मागतला मी.’

‘दोनदा धुतला होता.’

‘मले माहीत हाये.’

‘झाकनातून औषध गळे त्या पंपाचं. पट्ट्यावरच गळे. म्हनून तं मऊ होता.’ गफ्फारनं तोंडावरून हात फिरवला. ‘मऊ म्हनून निवडला मी.’

दारात बिस्मिल्ला उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ‘सर, तुमी रोज्यावर ढकललं,’ ती एवढंच म्हणाली आणि आत गेली. तिनं आरडाओरड केली असती तर इंद्रभानला सोसलं असतं.

संध्याकाळी आसमा बोलू लागली. डॉक्टर म्हणाला, जीव वाचला, पण तीन आठवडे धनुष्य नाही. चाचणी सोमवारी होती.

उंद्रीत परतल्यावर इंद्रभान चार घरं फिरला आणि उरलेल्या चार पट्ट्या गोळा केल्या. त्या मुलांचं डोकं दुखायचं, एवढंच निघालं. छायाची आजी सुभद्राबाई पट्टी द्यायलाच तयार नव्हती.

‘सर, तुमी बी काय. आमच्या घरी औषधाच्या डब्यात दाने भरेल हायेत. धुऊन घेतला का झालं. काय होते?’

‘ते दाने बी फेका आजी.’

‘अन् खावाचं काय? तुमचे बान?’

तिच्यापुढं हात जोडून त्यानं पट्टी घेतली. दाणे तिनं फेकले की नाही, ते देवाला माहीत.

सोमवारी तो एकटाच बुलढाण्याला गेला. मैदानावर मुली रांगेत होत्या, आणि मंडपात टेबलामागं क्रीडा खात्याचे साहेब बसले होते. साहेब वाईट नव्हते. दोन कामं एकाच खुर्चीवर करणारा, चेहऱ्यावर झोप साठलेला माणूस.

‘गैरहजर म्हणजे बाद,’ ते म्हणाले. ‘नियम आहे. आजारपण सगळेच सांगतात.’

इंद्रभाननं पिशवीतून पट्टी काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी सवयीनं ती उचलली, बोटांत घातली, ताणून पाहिली. ‘मऊ आहे. कुठून आणली?’ म्हणत त्यांनी ती नाकाकडं नेली.

‘तोंडाजवळ नेऊ नका साहेब. औषधाचा पट्टा हाये.’

साहेबांनी पट्टी खाली टाकली. ते उठले, मागच्या नळावर गेले, साबण मागवला आणि कोपरापर्यंत हात धुतले. परत येऊन रुमालानं पुसत राहिले.

‘माह्या पोरीच्या ओठाले तीन महिने होता,’ इंद्रभान म्हणाला.

साहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, ‘एक वाट आहे. सरावात अपघात झाला असं लेखी आलं, तर फेरचाचणी मागता येते. पण अपघात कशानं, जबाबदार कोण, ते प्रशिक्षकानं सहीनिशी लिहावं लागेल. नुसतं ताप आला लिहिलंत तर फाइल पुढं जाणार नाही. आणि खरं लिहिलंत तर पहिली चौकशी तुमचीच.’

‘कागद द्या.’

‘विचार करा. शाळेच्या अनुदानाचं चाललंय तुमच्या, ऐकलंय मी.’

इंद्रभाननं लिहिलं. पट्टा मी मागितला, मी कापला, मुलीचा हात कापत असताना उपासामुळे कापतो असं मी ठरवलं, सराव मी वाढवला. गफ्फारचं नाव त्यानं लिहिलं नाही. सही केली आणि कागद साहेबांपुढं सरकवला.

संस्थेचे अध्यक्ष पंजाबराव दुसऱ्या दिवशी शाळेत आले आणि उभ्यानंच बोलले. ‘आठ वर्षांनी फाइल हालली होती. तुमी काऊन हो स्वतःच्या हातानं लिहून देल्लं? कोनी इचारलं होतं?’

‘पोरीसाठी इचारलं होतं.’

‘एका पोरीपायी आठ मास्तरायच्या चुली इझवल्या तुमी.’

ते खोटं नव्हतं.

आठवड्यानं कागद आला: चौकशी होईपर्यंत इंद्रभाननं मुलांना सराव देऊ नये. महिन्यानं क्रीडा खात्याकडून पार्सल आलं, खऱ्या कातड्याच्या बारा बोटपट्ट्या आणि बारा गार्ड. शिपाई कडूबानं ते कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. पडीत तुकड्यावर पोतं पावसानं कुजून खाली बसलं.

दिवाळीनंतर फेरचाचणी झाली. आसमा आणि जी मुलगी पहिल्या चाचणीत निवडली गेली होती ती, दोघींना समोरासमोर उभं केलं. इंद्रभानला जायची परवानगी नव्हती. गफ्फार दुकान बंद ठेवून पोरीला घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला तो सरळ इंद्रभानच्या दारात. आसमा मागं उभी होती.

‘तीस बान चांगले गेले,’ गफ्फार म्हणाला. ‘मंग हात सुटला. शेवटच्या सहात. ते दुसरी वडनेर भोलजीची, जनकाबाई म्हून मजुरीन हाये, तिची पोरगी. तिनं बोटाले चिंधी बांधली होती सर. निस्ती चिंधी.’

‘किती?’

‘चार गुन कमी.’

आसमाचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं लागलं. वडनेरची मुलगी पंधरा डिसेंबरपर्यंत हजर झाली नाही, तर जागा आसमाची.

आसमा त्याला म्हणाली, ‘सर, आता पिवळा नाही हालत. मीच हालते. तुमी म्हनत होते तसं.’ ती हसायचा प्रयत्न करत होती. इंद्रभान आत पाणी आणायला गेला आणि बराच वेळ आतच राहिला.

कार्तिकाचा काकडा चालू होता. पहाटे देवळात तो मागं उभा राहायचा, टाळ न घेता. दहाव्या-बाराव्या दिवशी आरती चालू असताना आपण काय मागतो आहोत ते त्याच्या ध्यानात आलं. जनकाबाईची पोरगी न जावो. आजारी पडू नये, तेवढं नको, पण न जावो. आईनं अडवावं, कापूस वेचायला ठेवून घ्यावं, बस चुकावी. रोज नाव घेता घेता तो हेच मागत होता, हात जोडून, डोळे मिटून. एका मजुरणीच्या लेकराचं घरी राहणं तो देवापाशी मागत होता. त्यानं हात सोडले. प्रसाद न घेताच तो देवळाच्या पायऱ्या उतरला.

उजाडल्यावर तो गफ्फारच्या दुकानात जाऊन बसला. गफ्फार एका पंपाचं झाकण घट्ट करत होता. इंद्रभाननं त्याला सगळं सांगितलं. पाप सांगतो आहे असं म्हणाला.

गफ्फारनं पाना खाली ठेवला. ‘मी बी तेच मागून राह्यलो सर,’ तो हळूच म्हणाला. ‘दोन जुम्मे झाले.’

त्यानं पाना पुन्हा उचलला आणि झाकण आवळू लागला.

आसमा चहा घेऊन आली आणि दुकानाच्या उंबऱ्याबाहेरच थांबली, आत पाय टाकायची तिला मनाई होती. कपबशा तिनं बापाच्या हातात दिल्या.

‘अब्बा, फोनवर ते वडनेरवाली होती. त्या दिवशी नंबर घेतला होता तिनं.’ मग ती इंद्रभानकडं वळली. ‘सर, तुमी तो माहितीचा कागद वाचला होता ना? ते इचारते, वसतिगृहात गादी नेवा लागते का म्हने. तिच्या मायनं बाजारात इचारलं तं लय किंमत सांगतली. गादी नाही झाली तं जाता येनार नाही म्हने. काय सांगू?’

इंद्रभानपुढं धरलेला कप गफ्फारच्या हातातच राहिला. तो इंद्रभानकडं पाहत राहिला.

तो कागद इंद्रभाननं इतक्या वेळा वाचला होता की त्याला तो तोंडपाठ होता.

‘सांग तिले,’ तो म्हणाला, ‘गादी तिथंच भेटते. पांघरून तेवढं ने म्हना. अन् पंधरा तारखेच्या आत जाय म्हना, उशीर करू नको.’

आसमानं मान हलवली आणि ती फोन करायला घराकडं गेली.